गाडी बंद करून थांबलात म्हणून

येळ्ळूरच्या दूधवाल्या मामांना,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की ओ ताई" म्हणता आणि किक मारून निघता. म्हणून लिहून काढते. तुमची नात वाचून दाखवील.

आई गेली त्याला अजून महिना व्हायचाय. भेटायला येणारे विचारतात, शेवटी शेवटी कुणाची मदत झाली? मी नात्यातली नावं आठवायला लागते आणि तोंडात पहिलं तुमचंच येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, दूधवाल्याचं काय एवढं! त्यांना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे मला अजून जमत नाही.

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरी रतीब घालायला आधी तुमचे वडील यायचे. सायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या, त्यात लांब दांड्याचं माप. आई पायरीवर पातेलं धरून उभी. माप काठापर्यंत भरलं नसेल तर तिथल्या तिथं ऐकवायची. ते हसून वर एक धार सोडायचे. ती धार हिशेबात कधीच नसायची. कॅलेंडरवर फक्त खाडे मांडलेले असायचे, आणि महिनाअखेरीस त्या खाड्यांवरून दोघांचं हमखास वाजायचं. खरवसाचा चीक मात्र न मागता यायचा. भांडण झालेल्या महिन्यात सुद्धा.

पिशवीच्या दुधाला मी नावं ठेवत नाही. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ १९६३ चा, देशभर दूध वाढवायची ऑपरेशन फ्लड योजना १९७० ची, आणि १९७४ मध्ये आपल्या कर्नाटकात दुग्धविकासाचं महामंडळ आलं, तेच पुढं केएमएफ, म्हणजे कर्नाटकचा दूध महासंघ, झालं. गावोगावी डेअरी उघडली, फॅट लावून दर मिळायला लागला. म्हशीचं घट्ट दूध गावातच खपत असेल तर पहाटे उठून शहर कशाला गाठायचं? तुमच्या घरानंही तेच केलं, आणि बरोबर केलं. आमच्या दारात पिशवी आली. गंमत बघा, २०२४ च्या जूनमध्ये केएमएफच्या नंदिनी दुधाच्या पिशवीत ५० मिली दूध जास्त आलं आणि किंमतही दोन रुपयांनी वाढली. २०२५ च्या एप्रिलपासून ते ५० मिली गेलं आणि लिटरमागे चार रुपये वाढले. आई पहिल्यासारखी असती तर म्हणाली असती, "वरच्या धारेचे पण पैसे लावतात होय?"

पण ती पहिल्यासारखी राहिली नव्हती. माणसं पुसली जात होती. मी कोण, हेही काही दिवस आठवायचं आणि काही दिवस नाही. पहाट मात्र तिच्या अंगात तशीच राहिली होती. उजाडायच्या आधी उठायची, पातेलं घ्यायची आणि दारात जाऊन उभी राहायची. "दूध आलं न्हाई अजून?" फ्रिज उघडून पिशवी दाखवली तर माझ्याकडे अशी बघायची, की मीच तिला फसवतेय.

त्या दिवसांत आम्ही कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते राहू दे. एका मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता "वयाचं आहे" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माणूस पुरवणाऱ्या एका ब्यूरोनं आधी आगाऊ पैसे घेतले, मग एक पोरगी पाठवली. ती आईशेजारी बसून मोबाईल बघायची, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. मोबाईलवरून रतीब लावून बघितला, तर तो मुलगा फाटकाला पिशवी अडकवून आईच्या देखत निघून जायचा. ती "अरे, माप... माप" म्हणत फाटकापर्यंत पळायची. आणि नातेवाईक? ग्रुपवर रोज हात जोडलेली चित्रं यायची. "काही लागलं तर हक्कानं सांगा." हक्कानं सांगितलं की गावात लग्न असायचं.

मग एका पहाटे आई कडी काढून निघून गेली. येळ्ळूर रोडवर तुम्ही भाजी घेऊन बाजारात निघाला होता, अंधारात पातेलं घेतलेली बाई दिसली आणि तुम्ही ओळखलंत. तिला घरी आणून सोडलंत, चहाही घेतला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात हाक, "आक्का, दूध!" बघते तर तुम्ही, आणि तुमच्या वडिलांची ती पोचे पडलेली किटली. आम्ही बोलावलं नव्हतं, दराचं बोलणंही झालं नव्हतं. भाजीची पाटी मागं आणि एक किटली दूध पुढं. एका घराच्या रतीबात तुम्हाला काय सुटत असणार, ते मला कळतं हो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. पहिले एक-दोन दिवस तुम्ही गाडी चालू ठेवूनच माप घालत होता. इंजिनचा आवाज ऐकला की आईची घालमेल व्हायची. "चालला, चालला गं!" म्हणत आतून धावायची, पदर पायात यायचा, एकदा उंबऱ्याला अडखळली. तुम्ही ते बघितलंत. तिसऱ्या दिवसापासून तुमच्या गाडीचा आवाज फाटकाच्या अलीकडेच बंद व्हायला लागला. तुमची ती जुनी गाडी पावसाळ्यात एकदा बंद केली की सहज सुरू होत नाही. तुम्ही किका मारत राहायचात, कधी ढकलतही न्यायचात. तिकडं बाजारात तुमची जागा जायची. तरी बंद करायचात.

आणि मग पायरीवर बसायचात. आई पातेलं आणायला आत जायची आणि कशाला आले तेच विसरून देवासमोर उभी राहायची. मी तिला घाई करायला लागले की तुम्ही बाहेरून म्हणायचात, "सावकाश येऊ दे की. मला काय घाई न्हाई." घाई नाही! बाजारात जाणाऱ्या माणसाला पहाटे साडेपाचला घाई नाही! ती आली की तुम्ही माप तिच्या डोळ्यांसमोर धरायचात, काठापर्यंत भरलेलं. ती तुम्हाला तुमच्या वडिलांच्या नावानं हाक मारायची, आणि तुम्ही एकदाही दुरुस्त न करता ओ द्यायचात. "पाणी किती घातलंस रे?" "मी न्हाई आक्का, म्हशीनंच जरा जास्त प्यालंय." रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि रोज ती नव्यानं हसायची. नंतरच्या दिवसात तिचं हसू मी दुसऱ्या कुठल्या वेळेला बघितलेलं नाही.

आवाजाची हौस आपल्या गावाला कमी नाही. दिवाळीच्या पाडव्याला रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी मोटारसायकलमागं पळवतात तेव्हा सगळी गल्ली दणाणते, मीही हौसेनं बघायला जाते. पण हल्ली गॅसवाला, पार्सलवाला, बँकेतला माणूस, सगळे गाडी चालू ठेवूनच बोलतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ह्यांचा पाय गिअरवर. चांगुलपणा म्हणजे कुणी लाखभर रुपये काढून द्यावेत असं मी तरी आता मानत नाही. म्हातारं माणूस आतून येतंय, तेवढा वेळ चावी फिरवून थांबावं. एवढं करणारी माणसं आपल्याकडं मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हीकडं असतील. मला एक भेटला.

आता थोडं भांडण. कालच्या हिशेबात तुम्ही आई दवाखान्यात होती ते सगळे दिवस खाडे धरलेत. ते मला मान्य नाही. त्या दिवसांत दूध येत होतं, शेजारच्या काकू उतरवून घेत होत्या, मला त्यांनी सांगितलंय. सुतकातलं दूधही धरलेलं नाहीत. माझ्या आईची लेक आहे मी, खाड्यांवरून मी पण भांडणार. पैसे वेगळे काढून ठेवलेत, या वेळी मुकाट्यानं घ्या.

रतीब बंद करायचा नाही. घरात आता दोघंच आहोत, तेव्हा लिटर नको, अर्धा लिटर घालत चला. आणि माप नीट भरा.

तुमची,
वडगावच्या आक्कांची लेक