रोबोट तपासायचा तर आधी त्याचा ट्रक करून बघा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ट्रान्सफॉर्मर रोबोट, म्हणजे भाग वळवले की ट्रक नाहीतर गाडी होणारी खेळणी, जमवणाऱ्यांवर लेख आला होता तो आमच्या घरी सगळ्यांनी वाचला, पुतण्याने तर कापून ठेवलाय, पण त्यात एकेका रोबोटला दहापैकी नऊ, साडेनऊ असे मार्क वाटलेत ते कशाचे तेच कळेना. चेहरा हुबेहूब, रंग झकास, डबा भारी, किंमत एवढी. अहो पण तो बदलतो कसा ते कुठाय? ट्रकचा माणूस आणि माणसाचा ट्रक होणं हेच ज्याचं काम, त्याचा उभा फोटो बघून मार्क देऊन मोकळे? मी पीथमपूरला टूलरूममधे प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवतो, पुतण्या काहीही घेऊन आला की ते आधी माझ्या हातात येतं, म्हणून लिहितोय.

त्याच्याकडे ऑप्टिमस प्राइमचा, म्हणजे ट्रक होणाऱ्या त्या मुख्य रोबोटचा, मास्टरपीस आहे, मोठ्या शौकिनांसाठीच्या मालिकेतला, एमपी-१० म्हणतात तो, जपानमधे २०११ ला आलेला. आता गंमत बघा, १९८४ ला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत जो पहिला ऑप्टिमस प्राइम विकला तो मुळात त्यांचा नव्हताच, जपानच्या ताकारा कंपनीचं डायाक्लोन नावाच्या मालिकेतलं खेळणं होतं, त्यालाच नवीन नाव आणि नवीन गोष्ट दिली. त्या जुन्याचे पंजे वेगळे, ट्रक करायचा तर काढून बाजूला ठेवायचे, आणि पोरांच्या घरात बाजूला ठेवलेला पंजा परत सापडतो का सांगा! एमपी-१० मधे पंजे मनगटातच आत वळून जातात, काही काढावं लागत नाही. २००३ च्या पहिल्या मास्टरपीसमधे धातू भरपूर होता, हातात घेतला की वजनानेच माणूस खूश व्हायचा, एमपी-१० त्याच्यापेक्षा लहान आणि हलका आहे म्हणून काही जण नाक मुरडतात. मला विचाराल तर धातू पायात असला तर चांगला, रोबोट पडत नाही, पण तोच खांद्यात-हातात भरला तर सांधे ढिले व्हायला वेळ लागत नाही, नुसतं वजन बघून 'क्वालिटी आहे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खरी परीक्षा अर्ध्या रस्त्यात असते. रोबोट अर्धा उघडा, पाय कुठे, छाती कुठे, अशा वेळी एखादा भाग दुसऱ्यावर घासून रंग खरवडतोय का, जोर लावल्याशिवाय खाच बसतच नाही असं होतंय का, आणि शेवटी ट्रक झाल्यावर फटी राहतात का, टेबलावर चारी बाजूंची चाकं टेकतात का, हे बघायला पाहिजे. पाठीवर गाडीचं अख्खं छप्पर लोंबतंय तर समजायचं डिझायनरला ते लपवायला जागा सापडली नाही. आणि काही मॉडेलमधे तर छातीवरच्या काचा ट्रकच्या नसतातच, नुसत्या दाखवायला वेगळ्या लावलेल्या, खऱ्या काचा पाठीमागे घडी घालून लपवलेल्या. दिसायला एकदम छान दिसतं, पण मी त्याचे मार्क कापीन, पुतण्या नाही कापणार, यावर आमचं जेवताना भांडण असतं.

सांध्यांचं सांगतो. रॅचेटचा, म्हणजे दातांवरून टप्प्याटप्प्याने फिरणारा, सांधा असेल तर कट-कट असा एकसारखा आवाज यायला हवा, दात घसरल्यासारखं वाटलं की गेलं काम. बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळा फिरतो तो सांधा, ढिला झाला तर गोळ्याला पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग बसवा, चालतं. फार घट्ट असेल तर सिलिकॉन ग्रीस, पण घरातलं मशीन ऑइल किंवा रॉकेल अजिबात नको, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. पारदर्शक प्लास्टिकच्या भागात स्टीलची पिन ठोकून बसवलेली असेल तर तिथे नीट बघा, छिद्राभोवती सतत ताण असतो, पांढरी रेघ दिसली की तो भाग आज ना उद्या तुटणार. जुनं घेणाऱ्यांनी तर सोनेरी चमक मिसळलेल्या प्लास्टिकपासून जपून राहावं, ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदच्या दशकातल्या काही खेळण्यांत ते वापरलंय आणि ते इतकं ठिसूळ होतं की हात लावला की खारी बिस्किटासारखा चुरा. आता अशाचा डबा सीलबंद आहे म्हणून जास्त पैसे मोजायचे? आतला सांधा शाबूत आहे की नाही ते कोण बघणार, सील तोडलं की भाव पडतो म्हणून कोणी बघतच नाही.

नकली मालाबद्दल लेखात एकच ओळ होती, तीही 'स्वस्त असेल तर सावध राहा' एवढीच. बाजारात जे डुप्लिकेट येतं त्यातलं काही तर चांगल्या किमतीला विकतात आणि फोटोत फरक कळत नाही. पण खऱ्या खेळण्याच्याच भागांवरून मोल्ड बनवला तर एक गोष्ट लपत नाही, अशा खेळण्यांचं एबीएस नावाचं प्लास्टिक थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, खरा भाग एकदा आकसलेला, नकली त्याच्यावरून परत आकसलेला, ते धरून माप वाढवलं नाही तर जुना स्क्रू, नवीन छिद्र असली गत होते आणि खाचा जुळत नाहीत. म्हणून परत तेच, दुकानात उघडून बदलून दाखवा म्हणायचं. दुकानदार नाही म्हणाला तर आमच्या इंदूरच्या राणीपुऱ्यात दुकानं काय कमी आहेत का.

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी होती. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतो, आणि या मास्टरपीसच्या डब्यावर १५ वर्षं आणि पुढे असं लिहिलेलं असतं, मुलांच्या खेळण्यांत ते धरलेलंच नाही. म्हणजे हे पाच वर्षांच्या पोराला वाढदिवसाला द्यायचं नाही, तुमच्या लेखात मात्र 'मुलांसाठी उत्तम भेट' असं छापलंय. भागांच्या कडा धारदार असतात, छोटे तुकडे निघतात, आणि परत आयात शुल्क २०२० ला २० वरून ६० टक्के आणि २०२३ ला ७० टक्के झालेलं, एवढ्या पैशात पोराला चांगली सायकल येईल.

पुढच्या वेळी परीक्षण छापाल तेव्हा लेखकाने तो ट्रक किती वेळात आणि कागद न बघता केला का, एवढं तरी लिहावं. जमलं नाही तर रविवारी आमच्याकडे पाठवा, पुतण्या शिकवेल, पोहे आम्ही देऊ.

आपला नियमित वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर