दादा, तुम्ही खुर्ची फिरवलीत

आदरणीय दादा,

समोर आलात की गळा दाटतो आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर मी एकटी बघते. भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या एडब्ल्यूएसच्या आमच्या खात्याची किल्ली, म्हणजे अ‍ॅक्सेस की माझ्याच हातून गिटमध्ये, म्हणजे कोड आणि त्यातला प्रत्येक बदल जिथं साठतो तिथं, गेली, कुणीतरी ती उचलली आणि रात्रभर आमच्या खात्यावर भलतेच सर्व्हर चालवले. शेठजी एक शब्द बोलले नाहीत. त्यानं तर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमच्याआधी दोघांना फोन केला होता. ज्यांना आम्ही दरवर्षी पैसे मोजतो ते म्हणाले, "फाइल डिलीट करा, झालं." गिटच्या इतिहासात ती की तशीच राहते हे त्यांना ठाऊक नसेल? दुसरे म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेव, नवीन की काढ आणि व्हॉट्सअ‍ॅप कर." आणि दादा, मी पाठवणारच होते. घाबरलेलं माणूस काहीही पाठवतं.

तुम्ही फोनवरच आधी जुनी की बंद करायला लावलीत आणि रविवार असूनही जुळे सोलापूरहून गाडीवर आलात. माझ्या कॉम्प्युटरवरची, की जिथं लिहिलेली असते ती क्रेडेन्शियल्सची फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवलीत. सगळं साध्या अक्षरांत! माझ्या लॉगिनवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ते वाचू शकला असता. तीन वर्षं मी हे असंच ठेवलं होतं. आता की विंडोजच्या तिजोरीत, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये असते, एडब्ल्यूएस-व्हॉल्ट नावाचा प्रोग्रॅम ती सांभाळतो आणि रोजच्या कामाला काही तासांत संपणारी तात्पुरती की मिळते. "ट्रकवाल्याला आपण गेटपास देतो, गोदामाची किल्ली देत नाही," एवढं तुम्ही म्हणालात आणि मला सगळं कळलं.

पण खरे आभार पुढच्या दोन मिनिटांचे आहेत. नवीन की काढायची वेळ आली तेव्हा तुम्ही खुर्ची खिडकीकडे फिरवलीत. "कीचं सीक्रेट एकदाच दिसतं. ते तुझं तूच बघ." हात मांडीवर, पाठ माझ्याकडे. "झालं का?" असं दोनदा विचारलंत, पण मान वळवली नाहीत. मी झालं म्हटल्यावरही, "पान बंद केलंस ना?"

तीन दिवस बाकी सगळे मला गुन्हेगारासारखं बोलत होते. तुमच्या त्या पाठीकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, हे खातं माझ्या हातात आहे आणि मला ते सांभाळता येईल. इतकं जाणणारं माणूस अजून कुणाच्या वाट्याला येत असेल तर त्यानं ते जपावं.

पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवलीय, रविवारी घेऊन येते. तिला मात्र नाही म्हणू नका.

तुमची,
धाकटी बहीण