जागा धरून ठेवल्याबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "चहा घ्या ताई" म्हणून विषय बदललात. म्हणून हे उघडं पत्र लिहिते आहे. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, आणि कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात आपल्या मागेपुढे बसणारी कितीतरी माणसंही वाचतील. त्यांनाही कळू दे.

जून 2017 मध्ये बदली होऊन मी कोल्हापुरात उतरले. गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये 28 तास बसून आले होते. मी वडशाची, गडचिरोली जिल्ह्यातली. राज्याच्या एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकाला आले आणि स्टेशनवर पाय ठेवल्यापासून भाषासुद्धा नवी वाटायला लागली. बायका "मी आलो, मी जेवलो" म्हणायच्या. "का" म्हणायच्या जागी माझं "काहून" ऐकून काउंटरपलीकडची माणसं थबकायची. आई त्याच वर्षी गेली होती. बँकेतून खोली आणि खोलीतून बँक, असे पाच महिने गेले. रविवारी तर दिवसभर कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही.

नोव्हेंबरात पेपरात राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्राचं वेळापत्रक आलं. नाटक म्हटलं की आम्हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, माणसाचे पाय घरात थांबत नाहीत. मी एकटीच गेले. आत अंधार होता, परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा तेवढा लागलेला. कुठे बसावं कळेना म्हणून मी कडेला उभी राहिले. तेवढ्यात तुम्ही शेजारच्या खुर्चीवरची खाकी पिशवी उचलून मांडीवर घेतलीत आणि म्हणालात, "बसा हितं. पिशवी हाय ती, माणूस न्हवं."

तिसरी घंटा झाली. तुम्ही खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी टकटक केलीत आणि हळूच म्हणालात, "चला, डबल बेल." तेव्हाच मला कळलं की तुम्ही एसटीत कंडक्टर होता.

त्या हंगामात मी सगळी नाटकं पाहिली. रोज संध्याकाळी सातच्या आधी यायचं आणि रोज ती खाकी पिशवी शेजारच्या खुर्चीवर माझी वाट बघत असायची. पुढे काकूंनी मला सांगितलं, रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशांचा तुम्हाला नोकरीभर राग होता. खिडकीतून आत आलेले रुमाल तुम्ही उचलून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवायचात. "बसंल त्याची जागा," हा तुमचा नियम. तो नियम तुम्ही माझ्यासाठी मोडलात, आणि सात वर्षं मोडत राहिलात. काका, परक्या गावात आपली कुणीतरी वाट बघतंय, हे माहीत असणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी कसं सांगू?

मध्यंतरात आपण चहा घ्यायचो. बोलणं सुरू व्हायचं नेपथ्यापासून आणि पोचायचं गॅस सिलिंडरवर, तुमच्या गुडघ्यावर, माझ्या घरमालकाच्या भाडेवाढीवर. शाळामास्तर, एमआयडीसीतले कामगार, दवाखान्यातले कंपाउंडर दिवसभराची कामं उरकून त्या रंगमंचावर उभे राहायचे. एखाद्याचं वाक्य अडकलं की तुमचाच श्वास अडकायचा. नाटक पडलं तरी तुम्ही कधी "पडलं" म्हणाला नाहीत. "घाटात दम टाकला" म्हणायचात. वहीत तसंच लिहायचात.

ती वही! कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखे, वेबिलासारखे, रकाने आखलेली. तारीख, संस्था, नाटक, आणि शेवटच्या रकान्यात तुमचा शेरा. पहिल्यांदा ती वही तुम्ही माझ्या हातात दिलीत तो दिवस मात्र नाटकाचा नव्हता.

5 ऑगस्ट 2019, नागपंचमी. पंचगंगा धोक्याची 43 फुटांची पातळी ओलांडून वर चढत होती आणि शाहूपुरीतल्या माझ्या तळमजल्याच्या खोलीत उंबऱ्यावरून पाणी आत येत होतं. माझ्या गावाला वैनगंगेचा पूर मी पाहिला होता, पण तेव्हा माझे वडील जवळ होते. इथे मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते आणि कुणाला फोन करावा हेच सुचत नव्हतं. फोन तुमचाच आला. पुढच्या अर्ध्या तासात तुम्ही गुडघाभर पाण्यातून चालत दारात आलात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी. "ताई, उचला काय ते. बाकीचं वाळतंय." मी कागदपत्रं, दोन साड्या आणि आईचा फोटो घेतला. तुमच्या खाकी पिशवीत ते सगळं मावलं.

मंगळवार पेठेतल्या तुमच्या घरी मी नऊ रात्री राहिले. काकूंनी त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडली होती. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही. ओल्या साडीतल्या मला त्यांनी चुलीजवळ पाटावर बसवलं आणि तुपाची धार सोडून पहिलं दिंड माझ्या ताटात वाढलं. घरात परकी बाई आलीय, किती दिवस राहणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही आलं नाही. नदी 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, नळाचं पाणी बंद, वीज नाही, दूध नाही. टँकर आला की आम्ही दोघी घागरी घेऊन रांगेत. आमची खरी ओळख त्या रांगेतच झाली.

रात्री मेणबत्ती लावून तुम्ही वही काढायचात. पहिल्या रात्री तुम्ही वाचलंत, पुढे मी वाचायला लागले. कुठल्या साली कुणी काय केलं, कुठल्या म्हाताऱ्याची एंट्री होताच अख्खं थेटर शांत झालं होतं, कुठे दिवे गेले आणि नटांनी बॅटरीच्या उजेडात अंक पुरा केला. मी वाचायचे आणि तुम्ही डोळे मिटून त्या नटांच्या आवाजात वाक्यं म्हणून दाखवायचात. तिसऱ्या रात्री काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "एवढं समदं बघितलंसा, मी एकबी न्हाई बघितलो." कुणीच काही बोललं नाही. तुमची आयुष्यभर मुक्कामाची ड्युटी, त्यांची पोरं, सासू, म्हैस. कधी जमलंच नव्हतं. त्या नोव्हेंबरपासून तुम्ही दोन खुर्च्या धरायला लागलात. एकीवर पिशवी, दुसरीवर छत्री. पावसाळा संपला तरी छत्री आणायचात.

माझ्याकडे तुम्हाला द्यायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी झाडीपट्टी. तुम्ही एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडं नाटक रातभर चालतंय म्हणं?" जानेवारी 2020 मध्ये तुम्ही दोघं त्याच महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला उतरलात आणि तिथून पुढच्या गाडीने वडशाला आलात. वडशात नाटक कंपन्यांच्या कार्यालयांच्या पाट्या बघून तुम्ही रस्त्यात उभे राहिलात. धान कापून झालं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत गावोगाव नाटकं लागतात, त्यांच्या तारखा इथून ठरतात, हे मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे हा डेपोच की!" हो काका, डेपोच. तुमच्यापेक्षा बरोबर शब्द मला आजवर कुणी दिला नाही.

त्या रात्री आपण पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या एका गावात गेलो. गावात नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे, लेकीबाळी माहेरी आलेल्या, सोयरिकीची बोलणीही त्याच निमित्ताने. माझ्या मावशीने तुम्हाला जावयासारखा पाट मांडला. थंडी मरणाची. काकू माझ्या गोधडीत, तुम्ही घोंगडी पांघरून. दहाच्या पुढे पडदा उघडला. रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला वाजत होता, गाणी तिथल्या तिथे गायली जात होती आणि हजारो माणसं जमिनीवर बसून एकदम हसत होती, एकदम गप्प होत होती. आमच्या या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्यात आधी तुमचा फोन आला होता, आठवतं?

पहाटे पडदा पडला. पेंढ्यांच्या गंजीमागून उजाडत होतं. तुम्ही वही काढलीत, हातावर फुंकर मारलीत आणि शेवटच्या रकान्यात लिहिलंत: "गाडी पहाटे पोचली. मधे एकबी पॅसेंजर उतरला नाही." त्या पानाचा फोटो मी काढून ठेवलाय. माझ्या मातीतल्या नाटकाला मिळालेला याहून मोठा मान मला माहीत नाही.

नंतर लॉकडाऊन आलं. तेव्हा तुम्ही दोघं रोज सातला फोन करायचात. त्याबद्दलही आभार.

आणि मग 8 ऑगस्ट 2024. गुरुवार होता. रात्री तुमचा फोन आला. "ताई, आपलं थेटर पेटलंय." एवढंच. मी धावत खासबागेकडे आले. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधून पुरं केलेलं, पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, शेजारी त्यांचंच कुस्तीचं मैदान. आणि त्या सगळ्यावर लाल उजेड. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्टला केशवरावांची जयंती. रस्त्यावर कोल्हापूर उभं होतं. ज्यांना मी फक्त अंधारात, पाठमोरं पाहिलं होतं ते सगळे चेहरे तिथे होते आणि सगळे रडत होते. प्रकाशयोजना करणारा एक पोरगा फुटपाथवर बसला होता, काकूंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं.

तुम्ही रडला नाहीत. पहाटेपर्यंत उभे होतात. सकाळी दगडी भिंती तेवढ्या दिसत होत्या, वरचं छप्पर गेलं होतं. तुम्ही वही काढून तारीख लिहिलीत. संस्था आणि नाटकाचे रकाने कोरे ठेवलेत. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन कितीतरी वेळ टेकवून धरलंत, शाईचा ठिपका पसरला, आणि तुम्ही वही मिटलीत. तुमचा हात धरावा असं मला फार वाटत होतं. धरला नाही. ते राहून गेलं, ते इथे सांगते.

काका, यंदा माझी बदली नागपूरला झाली. तुम्ही आणि काकू स्टेशनवर आलात, माझ्यासाठी खिडकीची जागा बघून दिलीत आणि गाडी हलताना डब्याच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलीत. नागपूरपर्यंत मला काही खाणं गेलं नाही, काकूंची भाकरी मी दुसऱ्या दिवशी खोलीवर बसून खाल्ली.

नाट्यगृह पुन्हा उभं राहतं आहे. पहिल्या प्रयोगाची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी फोन करा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुटतं, पण तारीख अलीकडची असली तरी मी जनरलच्या डब्यातून येईन. काकूंना आमच्याकडचा एचएमटी तांदूळ आवडला होता, तो पाच किलो घेऊन येते आहे. छत्री आणि पिशवी दोन्ही तयार ठेवा.

तुमची,
वडशाची ताई