पेढ्यांऐवजी हे पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या व्यायामाचा छत्तिसावा आणि शेवटचा वर्ग संपला त्या दिवशी मी आणलेला पेढ्यांचा पुडा तुम्ही न उघडताच माझ्या पिशवीत परत ठेवलात आणि म्हणालात, "काकू, इथे येणाऱ्यांतले निम्मे मधुमेही आहेत. त्यापेक्षा चार ओळी लिहा, आणि सगळ्यांना वाचता येतील अशा लिहा. चौदा जणांच्या वर्गात बायका दोनच का, हे मला अजून उमगलेले नाही." त्याला आता पाच महिने झाले. उशिराबद्दल क्षमा असावी. तुमचे नाव लिहीत नाही, कारण तीही तुमचीच अट होती.

बायका दोनच का, याचे निदान माझ्यापुरते उत्तर मला ठाऊक आहे. झटका आला तेव्हा माझे दुखणे छातीत आलेच नाही. पहाटे जबडा आणि दोन्ही दंड भरून आले, घाम सुटला, मळमळू लागले. मी ते पित्त समजून आले-लिंबाचा रस घेतला, वर गोळी घेतली आणि सहा तास वाया घालवले. पुढे अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला आणि हृदयाचे पंपिंग, म्हणजे त्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा वाटा, ४० टक्के असल्याचे कळले. एकतीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईला शंभरांपैकी चाळीस म्हणजे जेमतेम पास एवढेच कळते. निरोगी माणसाचे पंपिंगही कधी शंभर टक्के नसते, साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असते, ही साधी गोष्ट मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलीत.

रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर "हलका व्यायाम करावा" असे लिहिले होते. हलका म्हणजे किती, असे विचारल्यावर "थोडे चालत जा" असे उत्तर मिळाले. थोडे हे परिमाण नव्हे. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या ५४. शेजारच्या चार मुलांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेले आणि त्यानंतर पाच आठवडे मी खाली उतरले नाही. येणारा प्रत्येक जण जाताना "जपून हं" म्हणे. गंमत अशी की त्याच घरात पोळ्या लाटायला आणि कपडे पिळायला मात्र कुणाचा मज्जाव नव्हता; उलट "घरातली कामे होतात की, तोच व्यायाम" असे सांगणारेही तेच होते.

तुमच्याकडचा पहिला दिवस आठवतो. तीस मीटरचा पॅसेज, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा आणि तुमच्या हातातले घड्याळ. सहा मिनिटांत मी दोनदा भिंतीला टेकले आणि २४६ मीटर चालले. दवाखान्याच्या वेळेला रडू येऊ नये असे ठरवूनही मला ते आवरले नाही. तुम्ही समजूत घातली नाहीत. आकडा वहीत लिहिलात, पाणी दिलेत आणि माझ्याबरोबर आलेल्या यजमानांना अमेरिकेतल्या डॅलसची गोष्ट सांगितलीत: १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवले होते, आणि तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की त्या तीन आठवड्यांत त्यांचा दम जेवढा घटला होता, तेवढा तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही घटला नव्हता. यजमान बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर कुणाला बोलावायला माझ्या उशाशी ठेवलेली घंटा त्यांनी स्वतःहून काढून टाकली.

आपल्याला किती श्रम वाटतात ते आकड्यात सांगायच्या, तुमच्या भिंतीवरच्या तक्त्याशी माझे पहिले भांडण झाले, कारण तो शून्यापासून नव्हे, ६ पासून सुरू होऊन २० ला संपतो. असा वाकडा तक्ता कुणी केला, असे मी विचारले. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तो केला आणि आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडीचे ठोके मिळतात, ६० ते २००, हे ऐकून माझे समाधान झाले. तोच तुम्ही सांगितलेत की माझ्या बाबतीत हा गुणाकार चालणार नाही, कारण मेटोप्रोलॉलची गोळी नाडीला वर जाऊच देत नाही. म्हणून मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला स्वतःला काय वाटते ते विचारायचे आणि ११ ते १३ च्या दरम्यान राहायचे. त्यातही माझी चाचपणी तुम्ही पाढ्यांवर आणलीत. चालता चालता एकोणतीसचा पाढा सलग म्हणता आला तर वेग ठीक, मध्ये श्वास घ्यायला थांबावे लागले तर जास्त, आणि चक्क गाता येऊ लागले तर कमी. शेजारच्या ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणारे निवृत्त फौजदार माझा पाढा दुरुस्त करू लागले, तेव्हा वर्गात मला आपलेसे वाटले. (एकोणतीस साते दोनशे तीन; ते दोनशे तेरा म्हणत होते.)

दोन प्रसंगांचे ऋण वेगळे सांगावेसे वाटते. तिसऱ्या आठवड्यात मी सहज म्हणाले की चालताना लागत नाही एवढी धाप मला टीव्ही पाहताना लागते. दुसऱ्या कुणी ते घाबरटपणात जमा केले असते. तुम्ही माझी औषधांची पिशवी मागवलीत, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या टिकाग्रेलॉरच्या पट्टीवर बोट ठेवलेत आणि या गोळीने काही जणांना बसल्या जागी असा दम लागतो, पण ती मनाने एक दिवसही बंद करायची नाही, असे बजावून हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिलीत. त्यांनी तपासून गोळी बदलली आणि आठवड्याभरात धाप गेली. दुसरा प्रसंग माझ्या आगाऊपणाचा. फोन वाजला म्हणून शेवटची पाच मिनिटे हळू न चालता मी पट्ट्यावरून एकदम उतरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मला आडवे करून, पाय खुर्चीवर ठेवून, तुम्ही शांतपणे समजावलेत की चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, त्या अचानक थांबल्या की रक्त पायांतच साचते. त्या दिवशी तुम्ही रागावला होता, आणि ते योग्यच होते.

आणि बादली. भरलेली बादली उचलताना आपण श्वास कोंडतो, हे साठीला आलेल्या मला माहीत नव्हते. उचलताना मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडताच येत नाही. एवढी छोटी युक्ती, पण मी शिकलेल्या साऱ्या गोष्टींत घरात रोज वापरली जाणारी हीच.

बारा आठवड्यांनी त्याच पॅसेजमध्ये मी न थांबता ४१२ मीटर चालले. पंपिंग मात्र ४० वरून ४३ वर आले होते, आणि मी खट्टू झाले. तेव्हा तुम्ही सांगितलेत की हृदयाचा मेलेला भाग परत उगवत नाही. आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू उचलायला माझे पाय शिकले आहेत आणि दम बराचसा तिथून आला आहे. खोटी आशा न दाखवता दिलेला हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो.

आता ५४ पायऱ्या एका दमात होतात. हातात भाजी असेल तर दुसऱ्या मजल्यावर थांबते. गेल्या रविवारी पर्वती चढले. १०३ पायऱ्या, चार थांबे, तक्त्यावर १३. एकदा १४ झाले होते, ते लपवत नाही. वेळ वहीत लिहिली आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची महिन्यापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आई घरात चालतेच की, असे त्यांचा मुलगा म्हणत होता. मी त्याला माझी वही वाचायला दिली. सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघी तुमच्याकडे येत आहोत. पेढे आणत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एकोणतीसच्या पाढ्यावाल्या काकू