केस कापायला पाठवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘त्यात काय बे’ म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला मला मध्येच गप्प करता येणार नाही.

स्वीडनमध्ये बाप होणं म्हणजे चैन, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. कागदावर ते खरंही आहे. १९७४ साली या देशानं आईची रजा बदलून ती आईबाप दोघांची केली. आज एका मुलामागे दोघांना मिळून ४८० दिवस मिळतात आणि त्यातले ९० बापाच्याच नावावर असतात, ते बायकोला देऊन मोकळं होता येत नाही. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. पण डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा हा कायदा काही आपल्या सोबतीला येऊन बसत नाही.

माझी आई आली, मग सासूबाई आल्या. शेंगेन व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो, त्यामुळे दोघी आल्या तशा गेल्याही. बायको कामावर रुजू झाली आणि घरात मी आणि लेक उरलो. बाहेर पडायचं म्हणून तिला बनियन, लोकरीचे कपडे, ओव्हरऑल, टोपी, हातमोजे असं सगळं चढवायचं आणि शेवटचा मोजा बसला की तिनं शी करायची. ‘ड’ जीवनसत्त्वाचे पाच थेंब दिले का, हे बायकोनं संध्याकाळी विचारलं की माझा त्या दिवसातला मोठ्या माणसाशी पहिला संवाद होई.

मी कुणाला सांगितलं नाही असं नाही. ऑफिसातला आमचा आपलाच देशी लीड म्हणाला, ‘मजा आहे राव, पगारी सुट्टी!’ व्हिडिओ कॉलवर एका मामानं सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारलं, ‘काय, आज किती लंगोट धुतले?’ ज्यांच्या खांद्याला खांदा लावून गणपतीत ढोल वाजवला त्यांच्या ग्रुपवर ‘दिवसा कुणी रजेवर आहे का?’ असं विचारलं, तर उत्तरादाखल हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली. बाळाच्या तपासणीला गेलो तेव्हा नर्सनं बायकोकडून दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. झोप लागते का, उगाच रडू येतं का, असं सगळं. ते हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. मला तिनं बाबागाडी कुठे लावलीय ते विचारलं.

आणि मग इमारतीच्या तळघरातली ती सामाईक लाँड्री. माझ्यानंतरची वेळ तुमची होती. लेक छातीशी बांधलेली, ती रडतेय, आणि ड्रायरला उद्देशून मी काही अस्सल सातारी शब्द काढले. मागून आवाज आला, ‘काहून बे, कुठचा तू?’

स्टॉकहोमच्या टोकाला, आकल्ल्याच्या तळघरात नागपूर भेटेल असं कुणाला वाटलं असतं?

पुढचं फार सांगत नाही. तुम्ही मला बुधवारी ओपन प्रीस्कूलमध्ये ओढत नेलंत. फी नाही, नाव नोंदवणं नाही, आईनं नाहीतर बापानं पोराबरोबर बसायचं, गाणी म्हणायची, कॉफी प्यायची. तिथे तुमची टोळी होती. एरिट्रियाचा बसचालक, सिल्हेटचा आचारी, एक मितभाषी पोलिश सुतार. स्वीडिश प्रत्येकाचं आपापल्या परीनं मोडकं. दाताचा ताप, रात्रीची रडारड, बायकोशी झालेली भांडणं, सगळं त्यात बसायचं. नंतर यॅर्वाच्या माळावरून बाबागाड्यांची ती वरात!

पण मला बोलायचंय ते तिसऱ्या की चौथ्या बुधवारबद्दल. तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, ‘पोरगी इकडं दे. जा, केस कापून ये.’

‘काही लागलं तर सांग’ असं मला डझनभर लोक म्हणाले होते. भली माणसं असतील, पण थकलेल्या माणसाला काय लागतं हे त्याचं त्यालाच कुठे कळत असतं? तो विचार करण्याचं कामही पुन्हा त्याच्याच गळ्यात. तुम्ही विचारलंच नाहीत, हुकूम सोडलात. शेजारच्या हुस्बीतल्या त्या इराकी न्हाव्याच्या खुर्चीत मी बसलो आणि कात्री लागायच्या आत झोपलो. त्यानंही उठवलं नाही, भला माणूस. जाग आली तेव्हा पुढच्या गिऱ्हाईकाचे केस शेजारच्या खुर्चीत कापून झाले होते.

धावत परत आलो. लेक तुमच्या खांद्यावर झोपलेली, तुमच्या चांगल्या स्वेटरवर दुधाचा ओघळ. उशीर का झाला हे विचारलं नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत बघितलंत आणि म्हणालात, ‘हं. माणसात आला.’ मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

त्या मामांचा, त्या लीडचा मला राग आहे का? आहे. अजून आहे. पुरुषाच्या हातात तान्हं मूल दिसलं की ज्यांना पहिल्यांदा विनोदच सुचतो, त्यांच्याबद्दल समजूतदार व्हायला मला अजून वेळ लागेल. तुमच्याही मागे दोन पोरं होती, नोकरीची शिफ्ट होती, पाठदुखी होती. तरी तुम्हाला माझी वाढलेली दाढी दिसली. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं असं मी आजवर समजत होतो. तुम्ही तर बोलता अर्धं शिव्यांत!

वहिनींना वेगळं सांगायचंय. दादांना दर बुधवारी मोकळं सोडायला तुम्ही तुमची कामाची पाळी बदलून घेतलीत, हे मला परवा त्या बसचालकाकडून कळलं. दादांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तुमचेही आभार.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा सातारकर