माठाचे पाणी आणि मुलांचा बेत

लेस्टर,
6 एप्रिल 2025

सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

चौथीच्या मुलांकडून प्रयोग करून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे तुम्ही मागच्या रविवारी फोनवर विचारलेत आणि मला त्याचे उत्तर नीट देता आले नाही. तेव्हापासून तो प्रश्न मनात आहे, म्हणून सवडीने लिहिते आहे.

मी नागपुरात शाळेत असताना प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे मथळे घालून सारे काही फळ्यावरून उतरवून घेत असू. अनुमान तर प्रयोगाच्या आधीच वहीत लिहिलेले असे, त्यामुळे प्रयोग करताना आम्ही ठरवावे असे काही उरतच नसे. इकडे शिकवू लागल्यावर मला उमगले, की मुलाने परीक्षानळी हातात धरण्यापेक्षा प्रयोगाचा बेत स्वतः आखणे कितीतरी अवघड आहे आणि तेच शिकवण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये 2014 पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात हे वेगळे प्रकरण म्हणून दिलेले नाही. वनस्पती, प्रकाश, पदार्थांच्या अवस्था अशा प्रत्येक घटकातूनच ते शिकवायचे असते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांनी साध्या तुलनात्मक चाचण्या मांडाव्यात आणि त्यापुढच्या दोन वर्षांत काय बदलायचे व काय स्थिर ठेवायचे हे त्यांनी स्वतः ओळखावे, अशी त्यात अपेक्षा आहे.

पहिली अडचण प्रश्नाचीच असते. मुले "का" विचारतात, आणि "बर्फ का वितळतो?" या प्रश्नावर आठ वर्षांच्या मुलाला प्रयोग मांडता येत नाही. मात्र "बर्फ कशात गुंडाळला तर जास्त वेळ टिकेल?" असे म्हटले की लगेच मांडता येतो. हे वळण मुलांकडूनच यावे म्हणून मी प्रत्येक गटाला तीन चिठ्ठ्या देते: आम्ही काय बदलणार, काय मोजणार आणि काय तसेच ठेवणार. तिसरी चिठ्ठी बहुधा कोरीच राहते. ती भरून देण्याचा मोह मला पहिली दोन वर्षे आवरता आला नाही.

या हिवाळ्यात माझ्या वर्गाने बर्फाचाच प्रयोग केला. लोकर ऊब देते, म्हणून लोकरीतला बर्फ सर्वांत आधी वितळेल, असा जवळजवळ सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सर्वांत शेवटी वितळला, आणि वर्गात मोठा गलका झाला. परंतु त्या गटाने बर्फाचा तुकडाही सर्वांत मोठा घेतला होता. मला ते सुरुवातीपासून दिसत होते, तरी मी बोलले नाही. अर्ध्या तासाच्या वादानंतर एक अबोल मुलगी म्हणाली, की तो लोकरीमुळे टिकला की मोठा होता म्हणून टिकला, हे आपल्याला सांगताच येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक साच्यात मोजून 50 मिलिलीटर पाणी ओतून बर्फ केला आणि तिसरी चिठ्ठी स्वतः भरली. पुन्हाही लोकरीतलाच बर्फ शेवटपर्यंत टिकला, कारण लोकर स्वतः उष्णता निर्माण करत नाही, ती बाहेरची उष्णता लवकर आत जाऊ देत नाही. ती मुलगी बोलली तो क्षण मला त्या निकालाहून अधिक मोलाचा वाटतो.

तुमच्या वर्गासाठी मला माठ सुचतो. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत तो सहज जमेल. मातीचे मडके आणि त्याच मापाचा स्टीलचा डबा यांत सारखे पाणी भरून, सारख्या सावलीत ठेवून, दर अर्ध्या तासाने तापमान मोजायचे. ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याचे अंक 35 अंशांच्या आसपास सुरू होतात. प्रयोगशाळेतला, लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा नको. वर्गात एकच असला तरी पुरे, पण एकच वाचन तीन मुलांना वेगवेगळे घेऊ द्या. आकडे जुळत नाहीत हे दिसल्यावर पुन्हा मोजण्याची गरज त्यांना न सांगता पटते. मडके नवे असेल तर आदल्या रात्री भिजवायचे की नाही, हेही मुलांनाच ठरवू द्या.

याहून महत्त्वाचे म्हणजे, जुलैमध्ये तेच मडके, तोच डबा आणि तोच बेत घेऊन पुन्हा मोजा. एप्रिलच्या कोरड्या हवेत मडक्यातून पाझरलेले पाणी झपाट्याने बाष्प होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते तितके होत नाही, म्हणून फरक पुष्कळ कमी येईल. सगळे तसेच ठेवूनही निकाल बदलला, तर आपण काय तसेच ठेवू शकलो नाही, हा प्रश्न उभा राहील. पावसाळ्यात कूलर लावला की खोली नुसती दमट होते, हे नागपूरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ते उत्तर त्यांच्याकडूनच येईल, थोडा धीर धरा.

प्रत्येक शोधात काही बदलावेच लागते असे मात्र नाही. सूर्य आपल्याला हलवता येत नाही, तिथे नुसते पाहत राहून मोजायचे असते. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यातला दुसरा दिवस जुलैच्या मध्यावर येतो आणि तेव्हा ढग असतात, म्हणून 26 मेच्या आसपासचा पहिला दिवसच बरा. शाळेला सुट्टी असेल, तरी अंगणात मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करून बारा ते साडेबारा मुलांना दर पाच मिनिटांनी सावली मोजायला सांगा. उन्हाचे जपून, डोक्याला रुमाल बांधूनच. त्या आठवड्यात आमच्याही शाळेला सुट्टी आहे, तेव्हा माझी मुले आपापल्या घरी एक वाजण्याच्या सुमारास मोजतील. इथली सावली साधारण 61 सेंटिमीटर भरेल, पण हा आकडा तुमच्या मुलांना आधी सांगू नका. दोन्हीकडच्या वह्यांचे फोटो आपण जूनमध्ये एकमेकींना पाठवू.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार आणि दादाला नमस्कार सांगा. मडकी आणायला बाबांना सोबत न्या. कोणते मडके चांगले पाझरते ते त्यांना वाजवून कळते.

तुमची नणंद