चार रकान्यांची वही: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: घरी शिकणाऱ्या मुलांना ऑक्टोबरच्या विहीर-मोजणीला (विहिरींतल्या पाण्याच्या पातळीच्या सरकारी मोजणीला) हजर राहू देण्याबाबत

महोदय,

मी पुण्यात राहते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ. दोघंही शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. दहावीला ती सतरा नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयातून बसतील, तेवढी वाट सरकारने मोकळी ठेवली आहे आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण दहावीपर्यंतच्या वर्षांत ही मुलं सरकारदरबारी कुणाचीच नसतात, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही ओळखीच्या चार-पाच घरची मुलं घेऊन दगड बघायला बाहेर पडलो. आश्विन-कार्तिकाचे दिवस यासाठी सगळ्यात चांगले. पावसाने कातळ धुऊन निघालेला असतो, घाटातल्या रस्त्याच्या कापात एरवी धुळीखाली दडलेले थर एकावर एक मोजता येतात. रस्त्यालगतच्या खडीच्या ढिगात माझ्या मुलाला मुठीएवढा दगड सापडला. बाहेरून काळा, खरबरीत. एका अंगाला बोटाच्या पेराएवढी पोकळी, आणि तिच्यात मोत्याच्या चमकेचे पांढरट स्फटिक, मधे आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे. तो दगड त्याने घरापर्यंत हातातून सोडला नाही.

रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासणी झाली. पेंढीसारख्या स्फटिकावर खिळ्याने ओरखडा उठला. दुसऱ्या दगडातल्या गारगोटीवर खिळा नुसताच घसरला, उलट गारगोटीनेच काचेवर रेघ ओढली. तिसऱ्यातल्या खड्याची पूड करून व्हिनेगर टाकलं तर बारीक बुडबुडे आले. मुलीने वहीत नावं लिहिली: स्टिल्बाइट, क्वार्ट्झ, कॅल्साइट. आणि मग विचारलं, "आई, दगडाच्या पोटात मुळात भोक पडलंच कसं?"

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. त्यातला वायू बाहेर पडता पडता लाव्हा थिजला आणि बुडबुडे तसेच राहिले. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक धरले. असे थर एकावर एक साचून आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. आपला बहुतेक महाराष्ट्र त्यावरच उभा आहे. मुलांना हे पुस्तकातून सांगता येतं, पण हातातल्या दगडावरून सांगितलं की ती पुढचा प्रश्न विचारतात.

पुढच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला जुन्नर तालुक्यात मिळालं, नात्यातल्या एका आजोबांकडे. त्यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी विहिरी खोदल्या. कठड्याशी उभं राहून त्यांनी मुलांना बोटाने दाखवलं: वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग गेरूची लाल पट्टी, तळाला काळा पाषाण. "पाणी मांजऱ्यात लागतं बाळा. पाषाणात फट गावली तर नशीब." मांजऱ्या म्हणजे तोच बुडबुड्यांचा खडक. गेरू म्हणजे दोन लाव्हांमधला विसावा, तेवढ्या काळात वरचा थर उन्हापावसाने कुजून लाल झाला. मुलीने विहिरीचं चित्र काढलं आणि वाटाण्यांएवढ्या ठिपक्यांनी मांजऱ्या भरला. भूगोलाचा असा धडा मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

यानंतर आम्ही एका संस्थेचा खनिज संग्रह पाहायला गेलो. दारातच अडवलं. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज हवा, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का हवा. तिथले गृहस्थ बोलायला चांगले होते, "ताई, नियमच तसा आहे" म्हणाले. मुलगा बुटांच्या खोक्यात आपले दगड घेऊन उभा होता. त्याला वाटत होतं, ते कुणाला तरी दाखवायचेत. आम्ही फाटकातूनच परतलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकणाऱ्या मुलांचा स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून प्रत्येक फाटकावरचा माणूस आपापला अर्थ लावतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या हातात दाखवायला कागदच नाही, आणि तो कागद आपण देऊ शकता.

माझी मागणी छोटी आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचे भूवैज्ञानिक असतात. ही यंत्रणा पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे येते, म्हणून आपण त्या खात्याच्या मंत्र्यांशी बोलावं आणि एक संयुक्त परिपत्रक काढावं. मोजणीच्या दिवशी, ठरलेल्या विहिरीवर, पालकांसोबत आलेल्या मुलांना उभं राहू द्यावं. शाळेच्या शिक्क्याऐवजी पालकांचं संमतीपत्र चालावं. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलंही सोबत असावीत, कारण विहीर त्यांचीच आहे आणि मेमध्ये हंडे घेऊन त्यांनाच फिरावं लागतं. सरकारी संस्थांच्या खनिज संग्रहांनाही हेच संमतीपत्र लागू व्हावं.

येण्याजाण्याचा खर्च आमचा. कठड्यापासून लांब उभं राहण्याची शिस्त लावण्याची जबाबदारी आमची. भूवैज्ञानिकांनी वेगळं व्याख्यान द्यायची गरज नाही. टेप खाली सोडताना आकडा जरा मोठ्याने वाचला तरी पुरे.

ऑक्टोबर तोंडावर आला आहे, म्हणून उत्तर लवकर कळवावं ही विनंती. मुलीने नवी वही केली आहे. पहिल्या पानावर चार रकाने आखून वर महिने लिहिलेत, खाली आकडे भरायचे आहेत.

आपली नम्र,
घरी शिकणाऱ्या दोन मुलांची आई, पुणे